क्रोशाने विणलेला ढालकिडा : नव्याने सुई हाती घेणाऱ्यांसाठी पहिले खेळणे

करडई_फूल, परभणी

क्रोशा शिकवताना आपल्याकडे बहुधा आधी रुमाल, मग तोरण आणि मग टेबलावरचे आच्छादन असा क्रम धरला जातो. माझे मत थोडे वेगळे आहे. सुई धरता येते आणि साखळी घालता येते, एवढीच ज्यांची तयारी आहे, त्यांनी पहिले काम म्हणून मुठीत मावेल असा भरीव किडा विणावा. रुमालात प्रत्येक ओळीच्या शेवटी काम उलटवावे लागते, कडेचा एखादा खांब नकळत सुटतो आणि दहाव्या ओळीपर्यंत चौकोनाचा त्रिकोण होऊ लागतो. खेळणे मात्र गोल गोल फेऱ्यांत, काम न उलटवता विणले जाते, त्यात एकच प्रकारचा टाका लागतो, आणि टाके वाढवल्यावर कापड पसरते व वाढवणे थांबवल्यावर ते उभे राहते, ही क्रोशातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हातांना आपोआप कळते.

किड्यांमध्ये ढालकिडा (लेडीबर्ड) निवडण्याचे कारण त्याच्या आकारात आहे. त्याची पाठ घुमटाकार आणि पोट सपाट असते, त्यामुळे टाके कमी करण्याची गरजच पडत नाही. पाठ वेगळी, पोट वेगळे विणायचे आणि कडेने जोडायचे. शिवाय आपल्या भागातल्या मुलांना तो ओळखीचा आहे. करडईवर मावा पडला की त्याच्या मागोमाग हा किडा येतो, कपाशीच्या पानांवरही तो दिसतो, आणि त्याची अळी व पूर्ण वाढलेला किडा दोघेही मावा खातात म्हणून शेतकरी त्याला मित्रकीटक मानतात.

साहित्य. लाल आणि काळा सुती दोरा, चार पदरी, २.५ मिलिमीटरची सुई, बोथट टोकाची लोकरीची सुई, भरण्यासाठी फायबर, खुणेसाठी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा. ५० ग्रॅमचा एक लाल आणि एक काळा गुंडा घेतला तर दोन-तीन किडे सहज होतात. ॲक्रिलिक लोकर स्वस्त आणि मऊ असते, हे खरे आहे. पण एप्रिल-मे महिन्यांत घामाने ओल्या झालेल्या बोटांना ती चिकटते, तिचे तंतू उभे राहिल्याने टाके नीट दिसत नाहीत आणि नवशिक्याला मोजणी अवघड जाते. सुती दोऱ्यात प्रत्येक टाका स्वच्छ दिसतो. लाल दोरा वापरण्याआधी त्याचा वीतभर तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून तासभर ठेवावा. रंग सुटत असेल तर तो दोरा लहान मुलाच्या खेळण्यासाठी घेऊ नये. गोधडीची सुई टोकदार असते आणि ती दोऱ्याचे पदर फाडते, म्हणून जोडकामासाठी बोथट सुईच हवी.

टाका. पाय सोडले तर संपूर्ण किडा मुक्या खांबांनी विणायचा आहे. सुई खालच्या घरात, म्हणजे खालच्या टाक्याच्या माथ्यावरच्या दोन फंद्यांखाली, घालून दोरा ओढून घ्यावा, सुईवर दोन फंदे होतील. पुन्हा दोरा घेऊन तो दोन्ही फंद्यांतून एकदम काढावा. एवढाच हा टाका आहे. एका घरात असे दोन टाके घातले की त्याला आपण या चर्चेपुरते ‘वाढ’ म्हणू.

पाठ, लाल दोऱ्याने. दोऱ्याचे सैल वर्तुळ करून त्यात ६ मुके खांब घालावेत आणि मोकळे टोक ओढून मधले छिद्र बंद करावे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात वाढ करावी, म्हणजे १२ टाके होतील. तिसऱ्या फेरीत एक साधा टाका, एक वाढ, असे सहा वेळा केले की १८ होतात. चौथ्या फेरीत दोन साधे व एक वाढ, म्हणजे २४. पाचवीत तीन साधे व एक वाढ, म्हणजे ३०. येथवर काम सपाट चकतीसारखे दिसेल. सहावी, सातवी आणि आठवी फेरी काहीही न वाढवता ३० टाक्यांचीच घालावी. सहाव्या फेरीपासून कड खाली वळू लागते आणि घुमट तयार होतो. फेऱ्या एकमेकींना जोडायच्या नाहीत. एक संपली की तिच्याच पहिल्या टाक्यावर पुढची सुरू करायची. म्हणूनच प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात खुणेचा दोरा अडकवणे आवश्यक आहे. खुणेशिवाय विणू नये, असे मी अनुभवी बायकांनाही सांगते.

पोट, काळ्या दोऱ्याने. पहिल्या पाच फेऱ्या अगदी तशाच, ३० टाक्यांपर्यंत. मग थांबावे, पण दोरा तोडू नये. पाठ आणि पोट यांच्या उलट बाजू एकमेकींकडे करून, पाठ आपल्याकडे ठेवून, दोन्हींच्या घरांतून एकाच वेळी सुई घालत मुके खांबांनी कड जोडत जावे. २४ टाके झाल्यावर फायबर भरावे आणि उरलेले सहा टाके घालून तोंड बंद करावे. या जोडाची बारीक काळी कडा घुमटाभोवती उठून दिसते आणि तीच या किड्याची शोभा आहे.

डोके. काळ्या दोऱ्याने ६, १२, १८ अशा तीन फेऱ्या, नंतर १८ टाक्यांच्या दोन साध्या फेऱ्या, आणि शिवण्यासाठी हातभर दोरा ठेवून कापावे. थोडे भरून शरीराच्या पुढच्या कडेवर शिवावे.

पाय आणि ठिपके. पायासाठी ५ साखळ्या घालून सुईजवळची पहिली सोडावी आणि उरलेल्या चारांत सरकते टाके घालावेत, म्हणजे घरातून ओढलेला दोरा तसाच सुईवरच्या फंद्यातूनही काढावा. असे सहा पाय पोटाच्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंना तीन-तीन शिवावेत. ठिपका म्हणजे वर्तुळात घातलेले ६ मुके खांब. सात ठिपक्यांच्या जातीत एक ठिपका डोक्यामागे दोन्ही पंखांच्या जोडावर असतो आणि प्रत्येक पंखावर तीन-तीन. पंखांची मधली रेघ काळ्या दोऱ्याने उलट्या टिपेने घालावी आणि ती ठिपक्यांच्या आधी घालावी, नाहीतर डावे-उजवे अंतर चुकते.

ज्यांना अडचण येईल त्यांनी कोणत्या फेरीत आणि किती टाके झाले आहेत ते लिहावे, म्हणजे उत्तर देणे सोपे जाईल.

---

मांजराकाठ, लातूर

ताई, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. काल संध्याकाळी सुरुवात केली. दोऱ्याचे वर्तुळ बोटांवर टिकत नाही, पहिले दोन खांब घालेपर्यंत ते सुटते. दुसरे असे, की चौथ्या फेरीत २४ टाके मोजून झाले आहेत, तरीही काम आताच वाटीसारखे वळले आहे. तुम्ही तर ते पाचव्या फेरीपर्यंत सपाट राहील असे लिहिले आहे.

---

करडई_फूल, परभणी

वर्तुळ जमत नसेल तर ते सोडून द्यावे. दोन साखळ्या घालाव्यात आणि आधी घातलेल्या साखळीत, म्हणजे सुईपासून दुसऱ्या घरात, सहा मुके खांब घालावेत. मध्ये बारीक छिद्र राहते, ते शेवटी दोऱ्याच्या टोकाने आतून शिवून बंद करता येते. वर्तुळ केले तरी सुती दोरा घसरतो, त्यामुळे टोक आतून गोल शिवून पक्के करावेच लागते.

वळण्याची दोन कारणे असू शकतात. टाके २४ आहेत हे नक्की असेल तर तुमचा हात फार घट्ट असावा. अशा वेळी ३ मिलिमीटरची सुई घेऊन पाहावी. दुसरी शक्यता अधिक असते. तुमच्याकडे तोंड करून असलेली बाजू पाहा. प्रत्येक टाका व्ही आकाराचा दिसत असेल तर ती सुलट बाजू आहे. त्याऐवजी आडव्या बारीक रेघा दिसत असतील तर काम उलटे फिरले आहे आणि तुम्ही आतल्या बाजूने विणत आहात. हे फार वेळा घडते आणि त्यात काही बिघडत नाही. कड धरून काम उलटवून घ्यावे आणि पुढे जावे. विणताना सुई नेहमी बाहेरच्या बाजूने आत गेली पाहिजे.

---

खाम_नदी, छत्रपती संभाजीनगर

एका गोष्टीची भर घालते. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांनी आधी तो अमेरिकी पद्धतीचा आहे की ब्रिटिश, हे तपासून घ्यावे. अमेरिकी नमुन्यात ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्याच टाक्याला ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणतात. आपला मुका खांब तो हाच. ब्रिटिश नमुना अमेरिकी समजून विणला तर सगळे टाके उंच होतात, त्यांच्यामध्ये फटी पडतात आणि आतला फायबर बाहेर डोकावतो.

फटींचे आणखी एक कारण दोरा घेण्याच्या पद्धतीत आहे. घरातून दोरा ओढताना तो सुईवरून गुंडाळून न घेता सुईच्या टोकाने वरून पकडून खाली ओढला तर टाका आखूड, घट्ट आणि फुलीच्या आकाराचा होतो. खेळण्यांसाठी मी हीच पद्धत वापरते. मात्र एकाच किड्यात दोन्ही पद्धती मिसळू नयेत, पाठ आणि पोट यांचे माप जुळत नाही.

ताईंनी दिलेल्या क्रमाने वाढ केली तर प्रत्येक वाढ मागच्या वाढीच्या नेमकी वर येते आणि चकती षट्कोनी दिसू लागते. ३० टाक्यांपर्यंत हे फारसे जाणवत नाही. मोठा किडा विणायचा असेल तर एकाआड एक फेरीत वाढीची जागा सरकवावी. उदाहरणार्थ, चौथ्या फेरीत एक साधा, एक वाढ, एक साधा असे सहा वेळा केले तरी २४ च होतात, पण कोपरे मोडतात.

---

काळी_माती, जालना

मी स्वतः विणत नाही, घरी पत्नी आणि मुलगी विणतात. आमच्याकडे घरचा कापूस आहे. वेगळा फायबर विकत आणण्याऐवजी तोच भरला तर चालेल का? आईचे म्हणणे आहे की गादीत चालतो तो किड्यातही चालला पाहिजे.

---

करडई_फूल, परभणी

दादा, आईंचे म्हणणे अगदीच टाकून देण्यासारखे नाही, पण थोडा विचार करून ठरवावे. शेतातून वेचलेल्या कापसात सरकी असते. ती राहिली तर खेळणे टोचते, जड होते आणि साठवणीत त्याला कीड लागू शकते. त्यामुळे सरकी काढलेली आणि पिंजलेली रुईच घ्यावी लागेल. तीही पाणी धरून ठेवते. खेळणे धुतले की आत गोळे होतात आणि पावसाळ्यात ते आतून वाळायला फार वेळ लागतो, बुरशीचा वास येतो. गादी आपण धुत नाही, उन्हात टाकतो, आणि दर काही वर्षांनी पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेतो. मुलाच्या हातातले खेळणे मात्र धुवावेच लागते.

म्हणून शोभेसाठी टांगायचा किंवा शाळेत दाखवायचा किडा असेल तर पिंजलेली रुई अवश्य भरावी. तिचा भरीवपणा फायबरपेक्षा अधिक चांगला असतो आणि घुमट ठसठशीत बसतो. मुलाच्या खेळण्यासाठी पॉलिएस्टर फायबर घ्यावा. गादी-उशीच्या दुकानात तो सुटा मिळतो, किंवा जुन्या उशीतला स्वच्छ धुऊन वापरता येतो. चिंध्यांचे तुकडे भरू नयेत, त्यांचे कोपरे टाक्यांतून उंचवटे करतात. भरताना एकदम मोठा गोळा कोंबू नये. चिमूट चिमूट घेऊन आधी कडेला आणि शेवटी मध्यभागी भरावे. टाके ताणले जाऊन आतले पांढरे दिसू लागले, तर ते जास्त झाले असे समजावे.

---

बालाघाट, बीड

माझा भाचा दहा महिन्यांचा आहे, त्याच्यासाठी विणायचा विचार आहे. बाजारात मिळणारे काळे प्लास्टिकचे डोळे लावू का? मागून चकती बसवतात, ते पक्के असतात असे दुकानदार म्हणाले.

---

खाम_नदी, छत्रपती संभाजीनगर

लावू नका. प्लास्टिकचा डोळा घट्ट बसला तरी भोवतीचा दोरा चावून सैल होतो आणि डोळा चकतीसकट निघून येऊ शकतो. तीन वर्षांखालील मुलासाठी डोळे नेहमी दोऱ्यानेच भरावेत. काळ्या डोक्यावर पांढऱ्या दोऱ्याचे तीन-चार लहान टाके एकाच जागी घातले की डोळा होतो. मणी, बटणे, घुंगरू, तार यांपैकी काहीही वापरू नये. मिशांसाठी साखळी घालावी आणि ती बोटाच्या एका पेरापेक्षा लांब ठेवू नये. ठिपकेही वेगळे विणून न शिवता पाठीवरच भरतकामाने भरावेत, म्हणजे सुटण्यासारखे काही उरत नाही.

एवढ्या लहान मुलासाठी मूळ मापाचा किडाच मला लहान वाटतो. सुमारे चार सेंटिमीटर रुंदीचे मऊ खेळणे दाबून तोंडात कोंबता येते. पाचव्या फेरीनंतर ३६, ४२ आणि ४८ अशी वाढ चालू ठेवावी, मग पाच साध्या फेऱ्या घालाव्यात. पोटही ४८ पर्यंत करावे. डोके २४ टाक्यांचे केले म्हणजे प्रमाण जुळते.

---

गोदाकाठ, नांदेड

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चौथी-पाचवीच्या मुलांना मित्रकीटक दाखवण्यासाठी हा किडा फार उपयोगी पडेल, म्हणून रचनेबद्दल एक विनंती करते. पाय पोटावर मागपर्यंत पसरून शिवलेले अनेक नमुने मी पाहिले आहेत. कीटकाचे शरीर डोके, वक्ष आणि उदर अशा तीन भागांचे असते आणि सहाही पाय वक्षालाच जोडलेले असतात. ताईंनी ‘पोटाच्या पुढच्या भागात’ असे लिहिले आहे ते बरोबर आहे; माझी सूचना एवढीच, की शाळेसाठीच्या किड्यात डोके आणि लाल पाठ यांच्या मध्ये काळ्या रंगाची दोन फेऱ्यांची पट्टी दाखवावी. खऱ्या ढालकिड्यातही तेथे काळी ढाल असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पांढुरके डाग असतात. मुले तेच डाग डोळे समजतात, त्यामुळे ही चूक दुरुस्त करण्याची संधीही मिळते.

आपल्या शेतांत सात ठिपक्यांचाच नव्हे, तर नारिंगी-पिवळ्या पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला ढालकिडाही भरपूर दिसतो. पाठ नारिंगी दोऱ्याने विणून रेघा उलट्या टिपेने काढल्या तर दोन जाती शेजारी ठेवता येतील.

---

करडई_फूल, परभणी

बाई, ही सूचना फार मोलाची आहे. पट्टीसाठी वेगळा भाग विणण्याची गरज नाही. डोक्याच्या शेवटच्या दोन साध्या फेऱ्यांऐवजी चार घालाव्यात. मागच्या दोन फेऱ्या म्हणजेच तुमचा वक्ष. त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या दोऱ्याचा एकेक आडवा टाका घ्यावा आणि पायांच्या पुढच्या जोड्या त्याच्या लगत, खालून शिवाव्यात.

---

मांजराकाठ, लातूर

ताई, पाठ पूर्ण झाली, काम उलटेच फिरले होते. आता पोट विणत आहे, पण काळ्या दोऱ्यात रात्री दिव्याच्या प्रकाशात घरे अजिबात दिसत नाहीत. आमच्या बचत गटातील मैत्रिणींनी पाठ पाहिली आणि जत्रेत विकायला असे किडे करू या म्हणतात. त्याबद्दल काही नियम आहेत का?

---

खाम_नदी, छत्रपती संभाजीनगर

काळे काम दिवसा करावे आणि मांडीवर पांढरे कापड पसरावे, घरांमधून पांढरे दिसते आणि सुई कोठे घालायची ते कळते. पहिल्या किड्यासाठी काळ्याऐवजी गडद तपकिरी दोरा घेतला तरी शोभतो.

विक्रीचा प्रश्न गंभीरपणे घ्यावा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांनी स्वतः तयार करून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट देण्यात आली. म्हणून गटाने आधी कारागीर म्हणून नोंदणीची चौकशी करावी आणि मगच खेळणी म्हणून विक्री सुरू करावी.

किमतीबद्दलही एक सांगते. दोऱ्याचा खर्च फार थोडा असतो, वेळ मात्र जोडकामात जातो. दुकानातल्या यंत्रावर बनलेल्या खेळण्याची किंमत समोर ठेवून आपली ठरवली तर विणणारीच्या हाती काही राहत नाही. एक किडा पूर्ण व्हायला किती तास लागतात ते प्रत्येकीने लिहून ठेवावे आणि त्यावरून भाव ठरवावा. घासाघीस झाली तर किंमत कमी करण्याऐवजी ठिपके भरतकामाने करून वेळ वाचवावा.

---

काळी_माती, जालना

मुलीने ढालकिडा पूर्ण केला, फायबरच भरला. आता तिला मृगाचा किडा हवा आहे. मखमलीसारखा लाल दिसण्यासाठी कोणता दोरा घ्यावा?

---

करडई_फूल, परभणी

मुलीचे मनापासून कौतुक सांगा. मृगाच्या पहिल्या पावसानंतर बांधावर दिसणारा तो लाल जीव खरे तर कीटक नाही. तो कोळ्यांच्या कुळातला आहे आणि त्याला आठ पाय असतात, त्यामुळे एक जोडी जास्त विणावी लागेल.

बाजारात मखमली दोरा मिळतो, पण त्यात घरे दिसतच नाहीत, बोटांनी चाचपून विणावे लागते. दुसऱ्याच कामात तो देऊ नये. येथे मात्र सुती दोरा सोडून साधी लाल ॲक्रिलिक लोकर घ्यावी आणि खेळणे पूर्ण झाल्यावर जुन्या, कडक दातांच्या ब्रशने सगळीकडून हलके घासावे. तंतू उभे राहतात आणि मखमलीचा भास होतो. आधी एखाद्या तुकड्यावर घासून पाहावे, कारण उभे राहिलेले तंतू परत बसत नाहीत. लहान बाळाच्या हाती हे खेळणे देऊ नये, तंतू सुटून तोंडात जातात.

शरीर लांबट आहे, म्हणून ६, १२, १८ अशी वाढ करून पुढे १८ टाक्यांच्या सहा साध्या फेऱ्या घालाव्यात, भरावे, आणि मग घट करत १२ आणि ६ वर येऊन तोंड शिवून टाकावे. घट करताना दोन शेजारच्या घरांचे फक्त पुढचे फंदे सुईवर घ्यावेत, दोरा एकदम दोन्हींतून ओढावा आणि नेहमीसारखा टाका पूर्ण करावा. मागचे फंदे सोडल्यामुळे जोडाजवळ छिद्र पडत नाही. आडवे ठेवल्यावर एक टोक डोके होते, वेगळे डोके विणायचे नाही. पाय तीन साखळ्यांचेच पुरेत. ते घासण्याआधी शिवावेत, दोन जोड्या पुढे आणि दोन मध्याच्या किंचित मागे, म्हणजे घासल्यावर शिवणीचे टाके तंतूंत झाकले जातात.